मागच्या खोलीच्या ओलीचा पंचनामा

काटेसाहेबांचा राग ओलीवर नव्हता, ओलीच्या निर्लज्जपणावर होता. न बोलावता आलेला पाहुणासुद्धा निदान पहिले दोन दिवस अंग चोरून बसतो. ही बया मागच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीवर, छताखालच्या कोपऱ्यात अगदी नजरेसमोर येऊन बसली आणि रोज थोडे थोडे पाय पसरू लागली. आधी ती ताटलीएवढी होती. मग परातीएवढी झाली. थंडी वाढली तसे तिच्या कडेने काळे ठिपके उमटले, आणि एक दिवस कपाट जरा पुढे ओढलं तर कपाटामागे तिचं अख्खं बिऱ्हाड निघालं.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. नोकरीत असताना ते वजनमापांचे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांचे अंगठे तराजूवरून आपोआप उचलले जात आणि काटे सरळ उभे राहत, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं. निवृत्तीनंतर तराजू गेले, नाव राहिलं. 'मोजल्याशिवाय बोलायचं नाही' हे त्यांचं ब्रीद होतं. ते दिवसातून इतक्या वेळा बोलून दाखवत, की मोजायला वेळ कधी मिळत असेल असा प्रश्न काकूंना पडे. काकू म्हणजे त्यांची बायको. गल्लीत सगळे तिला काकूच म्हणत, आणि हल्ली चुकून साहेबही म्हणू लागले होते.

ओल तशी मागच्या थंडीतही येऊन गेली होती. पण तेव्हा त्या खोलीत जुनं कपाट, शिवणयंत्र आणि निरोप समारंभात मिळालेलं, कधीही बरोबर वेळ न दाखवणारं घड्याळ एवढंच होतं. त्यांना सर्दी होत नाही. यंदाची गोष्ट वेगळी होती. जावई सहा महिन्यांसाठी परदेशी कामाला चालला होता आणि लेक तान्ह्या मुलीला घेऊन राहायला यायची होती. नात दिवस भरायच्या आत जन्मलेली, छातीने नाजूक. डॉक्टरांनी बजावलं होतं की पोरीला ओलसर खोलीत अजिबात ठेवू नका.

"बाबा, खरं सांगा," लेक फोनवर म्हणाली, "मागच्या खोलीत अजून ओल आहे का? असली तर मी सासरीच राहते. इकडचे बाबा म्हणतायत, आपली खोली कोरडी ठणठणीत आहे."

हे 'ठणठणीत' साहेबांच्या जिव्हारी लागलं. व्याही माणूस वाईट नव्हता, आणि हीच त्यांची मोठी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. व्याही नव्या इमारतीत राहत, हळू आवाजात बोलत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वाकत. लग्न ठरल्यावर ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हा अंगणातल्या दोरीवर, बरोबर दारासमोर, साहेबांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी वाळत होती. व्याह्यांनी ती दोन बोटांनी, अतिशय आदराने बाजूला केली आणि घरात आले. त्या विषयावर ते पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. साहेबांना तो न बोललेला शब्द अजून ऐकू येत असे. त्याच संध्याकाळी त्यांनी अंगणातली दोरी स्वतःच्या हाताने कापून टाकली होती.

"ओल?" साहेब फोनवर गरजले. "आपल्या घरात? तू ये. भिंतीला हात लाव. ओलसर लागली तर मी स्वतः तुला गाडीत बसवून तिकडे सोडून येईन."

"शब्द द्यायच्या आधी भिंतीला विचारलंत का?" काकूंनी विचारलं, आणि त्या खोकल्या. ओलीमुळे त्यांना महिनाभर खोकला होता.

लेक यायला अजून महिना होता. साहेबांनी कंबर कसली.

ओलीबद्दल काहीच मत नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. स्वतःच्या गुडघ्याला काय झालंय हे ज्यांना कळत नाही, ते दुसऱ्याच्या भिंतीचं निदान चालता चालता करून जातात. पहिले आले शेजारचे नाना. नाना बँकेतून निवृत्त झालेले, त्यांची न्हाणीघराची भिंत साहेबांच्या मागच्या खोलीला लागून. खोलीत वाळत घातलेली चादर त्यांनी बाजूला सारली, भिंतीजवळ गेले आणि तिचा वास घेतला.

"खालून," ते म्हणाले. "ओल आणि व्याज, दोन्ही खालून वर चढतात."

"पण नाना, खाली भिंत कोरडी आहे. ओल तर वर छताजवळ आहे."

"चढून गेली ना वर! वाटेत थांबली नाही, एवढंच."

मग खालचं बघायला गवंडी आला. त्याने बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून पाहिली, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला आणि कंबरेपर्यंतचा गिलावा काढायला सांगितला. वरच्या ओलीचं काय, असं विचारल्यावर तो साहेबांकडे दयेने बघत म्हणाला, "साहेब, झाड सुकवायचं तर मुळाला हात घालतात, शेंड्याला नाही." भिंत सोलली गेली. घरभर धूळ झाली, भांड्यांत धूळ, अंथरुणात धूळ, घड्याळातही धूळ गेली आणि ते अर्धा तास बरोबर चाललं. मग पाणी अडवणारं औषध घातलेला नवा गिलावा चढला. "आता पाणी वर चढलं तर मिशा उतरवीन," गवंडी म्हणाला. आठ दिवसांनी पाहिलं तर खालचा नवा गिलावा ओला, वरची जुनी ओल कायम, आणि मधला जो पट्टा आजवर कोरडा होता त्याच्यावर दोघी मिळून चालून आल्या होत्या. गवंड्याने मिशा उतरवल्या नाहीत. फोन उचलणं तेवढं सोडून दिलं.

मग समोरच्या मावशी आल्या. मावशींना गल्लीतल्या सगळ्या घरांची दुखणी माहीत असत, काही तर घरमालकांच्याही आधी.

"खालून कशाची येते? बाहेरून येते," त्यांनी छताजवळच्या झरोक्याकडे बोट केलं. "थंड वारा सगळा आत येतो त्यातून. दार सताड उघडं ठेवायचं आणि वर चोर शोधत फिरायचं, असलं तुमचं काम!"

हे मात्र साहेबांना एकदम पटलं. गवंडी फोन उचलत नव्हताच, तेव्हा त्यांनी स्वतः सिमेंट कालवलं, शिडीवर चढले आणि झरोका बुजवून टाकला. आयुष्यात भिंतीचं केलेलं हे त्यांचं पहिलंच काम. ते इतकं जमलं की जुन्या सवयीने त्यांनी ओल्या सिमेंटवर खिळ्याने सही आणि तारीखही कोरली, तपासलेल्या वजनावर मारतात तशी. मग खिडकीच्या सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. खोली डबीसारखी झाली. वारा काय, आत मुंगीलाही यायला जागा उरली नाही. काकू तिथे बसून दिवसातून तीन वेळा वाफारा घेत, कारण दार नीट लागणारी तेवढी एकच खोली होती. त्यांनाही बरं वाटलं. वाफ कशी खोलीतच राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ वाहत होते.

आता साहेबांचा संशय नानांच्या न्हाणीघराकडे वळला. ज्या माणसाने 'खालून, खालून' म्हणून गिलावा फोडायला लावला, त्याच्याच नळाचं पाणी भिंतीत मुरत नसेल कशावरून? खरा लबाड नेहमी दुसऱ्याच्या पारड्याकडे बोट दाखवतो, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. त्यांनी कुठेसं वाचलं होतं की संशयाच्या जागी पाण्यात रंग टाकावा, आणि तो आपल्या भिंतीवर उमटतो का ते पाहावं. नाना आढेवेढे घेत तयार झाले. "चिमूटभर टाका," ते म्हणाले. चिमूट हे काही प्रमाणित माप नव्हे, म्हणून साहेबांनी कपडे रंगवायच्या लाल रंगाची आख्खी पुडी नानांच्या न्हाणीघरात ओतली, वर बादलीभर पाणी सोडलं, आणि धावत येऊन, ओल्या टॉवेलांखालून वाकून, आपल्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले.

भिंत पांढरीच राहिली. लाल झालं ते नानांचं न्हाणीघर, नानांच्या टाचा, आणि बादलीत भिजत घातलेली त्यांची सगळी बनियनं. टाचा आठवड्याने पूर्ववत झाल्या. बनियनं कायमची गुलाबी झाली. नाना निषेध म्हणून रोज सकाळी गुलाबी बनियन घालून ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसू लागले, आणि साहेब दिसले की पान उलटू लागले.

"आता पुरे झालं," काकू म्हणाल्या. "निदान शेजारी तरी शिल्लक ठेवा."

पण साहेब आता इरेला पेटले होते. राहिला होता तो रस्त्याखालचा मोठा नळ. ते पाणीखात्याच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने न बघता विचारलं, "तक्रारीचा प्रकार?"

"भिंतीत पाणी येतंय."

"आमच्याकडे तीन प्रकार आहेत. पाणी येत नाही, पाणी कमी येतं, पाणी घाण येतं. पाणी जास्त येतं अशी तक्रार या खात्यात आजवर कुणी केलेली नाही."

"मग मी पहिला."

"पहिल्याला रकाना नाही," कारकून म्हणाला. तो मनाने चांगला असावा, कारण थोडा विचार करून त्याने 'घाण येतं' यावर खूण केली. त्यामुळे चार दिवसांनी एक माणूस बाटल्या घेऊन आला, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी भरून घेऊन गेला, आणि पाणी पिण्यास अत्यंत उत्तम असल्याचं शिक्क्यानिशी कळवण्यात आलं. साहेब पुन्हा कचेरीत गेले. यावेळी ते खिडकीपाशी न थांबता थेट अभियंत्याच्या टेबलासमोर उभे राहिले, आणि माणूस येईपर्यंत हलणार नाही म्हणाले. अभियंत्याच्या जेवणाची वेळ झाली होती. तो कबूल झाला.

खरा अनर्थ तिथून झाला. नळ फुटलाय का हे कळायचं तर गल्लीच्या नळाचा मुख्य व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवायचा, आणि भिंत वाळते का ते पाहायचं, असं अभियंता म्हणाला. हिशोब चोख होता. खात्याच्या दोन माणसांनी रस्त्यातलं झाकण उघडलं आणि जोर लावून व्हॉल्व्ह बंद केला. व्हॉल्व्ह जुना. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. संध्याकाळी तो उघडायला गेले तर उघडेचना. दुसऱ्या दिवशीही उघडेना. नवा सुटा भाग मागवावा लागला, त्याला मंजुरी लागली, आणि गल्ली बादल्या घेऊन पलीकडच्या चौकात रांगेत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या मावशी, गुलाबी बनियनातले नाना आणि आणखी दोघंतिघं हातात रिकाम्या बादल्या घेऊन साहेबांच्या दारात आले.

"निदान वाळली का तुमची भिंत?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी दार उघडून दाखवलं. भिंत घळाघळा वाहत होती. अख्ख्या गल्लीत पाणी फक्त साहेबांच्या भिंतीला होतं. नानांच्या तर चेहऱ्यावर ती भरून न्यावी की काय असा विचार दिसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवसापासून गल्लीतली मुलंसुद्धा साहेबांना पाहून घरात ओरडू लागली, "आई, पाणी भरून ठेव!"

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ही म्हण आजवर साहेबांनी नुसती ऐकली होती. आता घोडं खरोखर दारात आलं. ते चाकांवर होतं. व्याह्यांनी गॅसवर चालणारी एक मोठी शेगडी पाठवली होती, सोबत फोनही केला. "बाळासाठी हो," ते वाकत म्हणाले असावेत, फोनवरही ते कळत होतं. "आम्ही आमच्याकडे हीच वापरतो. खोली कशी उबदार राहते. भिंत वाळेल तुमची. आणि नाहीच वाळली तर आमची खोली आहेच की ठणठणीत."

साहेबांना ती शेगडी रस्त्यावर ढकलून द्यावीशी वाटली. पण लेक यायला आठवडा उरला होता. त्यांनी स्वाभिमान गिळला आणि शेगडी पेटवली. सगळ्या भिंतींवरून पाणी ओघळू लागलं, आता दक्षिणेच्याही. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि साहेबांनी तिला शेगडीचं सांगितलं. "बंद खोलीत गॅसची शेगडी? बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना? गुदमरून जाल! आधी विझवा ती!" साहेबांनी मुकाट्याने विझवली.

फोन कानालाच होता. 'तू तिकडेच राहा गं' एवढं एक वाक्य बोलायचं आणि मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात पलीकडून नातीचा आवाज आला. रडणं नव्हे, हसणंही नव्हे, नुसतं एक लांबलचक 'आऽऽ'. आणि त्या पाठोपाठ बारीक खोकला. साहेबांनी तिला दवाखान्यात काचेच्या पेटीबाहेरून एकदाच पाहिलं होतं. ती त्यांच्या तळहाताएवढी दिसली होती, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांना कुणाचं वजन विचारायची हिंमत झाली नव्हती. ठरवलेलं वाक्य बाजूलाच राहिलं.

"ये तू," ते म्हणाले. "ठरल्या दिवशीच ये." आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आजवर त्यांनी सगळ्यांचं ऐकलं होतं. नानांचं, गवंड्याचं, मावशींचं, खात्याचं. मोजलं मात्र एकदाही नव्हतं. नोकरीत ते माल तपासायच्या आधी तराजू तपासत, आणि तराजूच्या आधी पाहत की तो कुठे झुकतो. मग पाणी भिंतीतून खोलीत येतंय की खोलीतून भिंतीवर जातंय, हे आधी पाहायला नको? त्यांनी स्वयंपाकघरातून डबा गुंडाळायचा चकचकीत चांदीचा कागद आणला. फडक्याने ओलीची जागा पुसली, त्यावर कागदाचा तुकडा ठेवला आणि चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद केल्या. पाणी भिंतीतून आलं तर कागदाच्या मागे जमणार. खोलीतल्या हवेतून आलं तर पुढे.

सकाळी कागदाच्या पुढच्या बाजूला थेंबच थेंब होते. साहेबांनी चिकटपट्टी सोडवली. मागची बाजू कोरडी. अगदी, म्हणायचंच तर, ठणठणीत.

"काकू!" ते ओरडले. "भिंत निर्दोष आहे! पाणी आतूनच येतंय. घरात चोर आहे!"

काकू वाफाऱ्याचं पातेलं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. दोघांच्या मधे दोरीवर एक भिजलेली चादर, दोन टॉवेल आणि साहेबांचे लेंगे लोंबत होते. महिनाभर त्या खोलीत जाताना साहेब याच कपड्यांखालून वाकत होते. आज पहिल्यांदा ते वाकले नाहीत. चादर थंडगार त्यांच्या तोंडाला लागली.

"हे इथे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही अंगणातली दोरी कापलीत तेव्हापासून. मग कपडे काय डोक्यावर वाळवू?"

साहेबांनी कपाटातून जुना स्प्रिंगचा काटा काढला, नोकरीतला. सगळे ओले कपडे गोणीत भरून आकड्याला लटकवले, आकडा पाहिला आणि पुन्हा दोरीवर घातले. संध्याकाळी तेच कपडे त्याच गोणीत भरून पुन्हा वजन केलं.

"पाच किलो माल गहाळ आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

"गहाळ कसला? वाळलेत."

"वाळले म्हणजे त्यातलं पाणी गेलं कुठे?"

दोघांनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. त्यानंतर काकूंनी आपण होऊन वाफाऱ्याचं पातेलं साहेबांच्या पुढे ठेवलं. ओलीने खोकला, खोकल्याला वाफ, वाफेने ओल, असं ते चक्र महिनाभर फिरत होतं. आपण रोज तीन वेळा खोकल्यालाच दूध पाजत होतो हे लक्षात येऊन काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसता खोकला आला.

"पण शेगडी?" साहेब म्हणाले. "ती तर कोरडी. तिने का भिंती ओल्या केल्या?"

"थंड पातेलं गॅसवर ठेवलं की पहिल्यांदा बुडाला घाम येतो. जळताना गॅसही पाणी सोडतो. कधी बघितलं नाहीत?"

"मी कधी पातेलं गॅसवर ठेवलंय?"

"तेच म्हणतेय मी."

साहेब खुर्चीत बसले. कपडे, वाफ आणि शेगडी, मिळून रोजचं कितीतरी पाणी या खोलीत हवा होऊन हिंडत होतं आणि रात्री सगळ्यात थंड भिंत पाहून तिच्यावर बसत होतं. बाहेर पडायला त्याला एकच वाट होती. त्यांनी मान वर केली. झरोक्याच्या जागी गुळगुळीत सिमेंट होतं, आणि त्यावर त्यांची स्वतःची सही आणि तारीख. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे अंगठे पकडले होते. या तराजूवर पहिल्या दिवसापासून दाबलेला अंगठा त्यांचा होता, वर त्यांनी तो सहीनिशी कबूल केला होता. असा सरळ आरोपी त्यांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

"आता काय करायचं?" काकूंनी हळूच विचारलं.

"शिक्षा," साहेब म्हणाले, आणि हातोडा घेऊन शिडीवर चढले.

सही आणि तारीख आधी फुटली. झरोका उघडला, खिडकीची चिकटपट्टी निघाली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे आलं, काळे ठिपके दोघांनी मिळून घासून काढले. वाफारा स्वयंपाकघरात गेला, खिडकीपाशी. शेगडी चादरीत गुंडाळून बाहेरच्या ओट्यावर ठेवली. मग साहेब नानांच्या ओट्यावर गेले आणि जन्मात प्रथमच एका दमात म्हणाले, "नाना, तुमचं न्हाणीघर निर्दोष आहे. चूक माझी." नानांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि घरात जाऊन एक गुलाबी बनियन आणून त्यांच्या हातात ठेवलं. "हे तुम्ही घाला," ते म्हणाले. "मग मिटलं." साहेबांनी ते घेतलं.

राहिली दोरी. अंगणात ऊन यायचं ते दारासमोरच, दुसरीकडे कुठे नाही. साहेबांनी जुन्याच खुंट्यांना नवी दोरी बांधली. खोलीत आता दिवसभर वारा खेळत होता. साहेब सकाळ-संध्याकाळ चांदीचा कागद पाहत होते. तिसऱ्या दिवशी थेंब विरळ झाले. सहाव्या दिवशी कागद दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला.

सातव्या दिवशी, लेक यायची त्या सकाळी, काकू कपड्यांची बादली घेऊन दारात घुटमळल्या. "व्याही येणार आहेत सोडायला," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस आत घालू का? एका दिवसाने काय होतंय?"

साहेबांच्या डोळ्यांसमोर ती दोन आदरशीर बोटं आली. पण कानात तो बारीक खोकलाही होता.

"एक कपडा आत जाणार नाही," ते म्हणाले. त्यांनी बादली घेतली आणि एकेक कपडा झटकून दोरीवर घातला. टॉवेल. लेंगे. गुलाबी बनियन. आणि शेवटी, बरोबर दारासमोर, कारण तेवढीच जागा उरली होती, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

गाडी आली. पुढून व्याही उतरले, मागून लेक, तिच्या खांद्यावर शालीत गुंडाळलेली नात. व्याही दोरीपाशी आले आणि थांबले. त्यांनी चड्डी पाहिली. त्यांनी पाहिलं हे साहेबांनी पाहिलं. आणि साहेब तसूभरही हलले नाहीत. व्याह्यांनी पूर्वीसारखीच दोन बोटं पुढे केली, पण त्याआधी साहेबांनी स्वतः चड्डी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "या. डोकं सांभाळा."

लेक सरळ मागच्या खोलीत गेली. तिने भिंतीला तळहात लावला. कोपऱ्यात लावला, कपाटामागे लावला, मग गालही लावला. लेक वळली आणि नातीला साहेबांच्या हातात दिलं. ती आता तळहातात मावण्यासारखी राहिली नव्हती. साहेबांनी तिचं वजन हातांनीच घेतलं. आकड्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि डोळ्यांना जरा ओल आली तिचाही त्यांनी तपास केला नाही.

चहा झाला. व्याही निघताना ओट्यावरच्या शेगडीपाशी रेंगाळले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज नेहमीपेक्षाही खाली आणला.

"एक विचारायचं होतं," ते वाकत म्हणाले. "कुणाला बोललो नाहीये. आमच्याकडेही हल्ली कपाटामागे जरासे... काळे ठिपके दिसतात. इमारत नवी आहे हो. बिल्डर म्हणतो, खालून येतंय."

साहेबांनी नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. उत्तर द्यायची त्यांना अजिबात घाई नव्हती. मग दोरीवर वाऱ्याने फडफडणाऱ्या पट्ट्यांकडे पाहत त्यांनी अतिशय आदराने विचारलं,

"तुम्ही कपडे कुठे वाळत घालता?"